गुणांकडून निकषांकडे : शाळेच्या मोजपट्टीची वाटचाल

गणितात उत्तीर्णतेपुरते गुण मिळवून विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो, तेव्हा त्याला नेमके काय येते हे त्या आकड्यावरून समजत नाही. एकाने सोपी उदाहरणे अचूक सोडवून कठीण प्रश्न सोडून दिलेले असतात, दुसऱ्याने नमुना उत्तरे पाठ केलेली असतात आणि तिसऱ्याला सर्व काही येऊनही हातच्याची वजाबाकी तेवढी जमत नसते. प्रगतिपुस्तकात तिघेही सारखेच दिसतात. एका विशिष्ट टप्प्यावर मुलाला काय यायला हवे हे आधी स्पष्ट शब्दांत ठरवावे आणि मूल तिथपर्यंत पोहोचले की नाही एवढेच तपासावे, या विचाराला निकषाधारित शिक्षण म्हणतात. त्यात वर्गातील क्रमांकाला अर्थ उरत नाही. साऱ्या वर्गाला वजाबाकी आली तर सारा वर्ग निकषाला उतरला, आणि कोणालाच आली नाही तर पहिला आलेला विद्यार्थीही मागेच आहे.

ही कल्पना ऐकायला सोपी वाटली, तरी तिच्या पोटात एक अवघड अट दडलेली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्ये अशी मांडणी केली की, मुलांमधील फरक बव्हंशी शिकण्यास लागणाऱ्या वेळेचा असतो. शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये तोच धागा पुढे नेला. नेहमीच्या शाळेत वेळ ठरलेला असतो आणि शिकणे कमीअधिक होते. शिकणे ठरलेले हवे असेल तर वेळ कमीअधिक करावा लागेल, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. पुढील सहा दशकांत जगभर निकषांच्या याद्या भरपूर झाल्या. वेळापत्रकाला मात्र फारच थोड्या ठिकाणी हात लागला.

ब्लूम यांचा भारताशी संबंध जुना. १९५० च्या दशकाच्या अखेरीस परीक्षा सुधारणेसाठी ते येथे आले होते. त्यांच्याच विद्यापीठात संशोधन केलेले रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने १९९० मध्ये एक समिती नेमली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्व मुलांना तुलनीय दर्जाचे शिक्षण देण्याचे वचन दिले होते. तो दर्जा म्हणजे नेमके काय, हे समितीला सांगायचे होते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांतील किमान अध्ययन क्षमतांची यादी १९९१ मध्ये आली. किमान ८० टक्के मुलांनी किमान ८० टक्के क्षमता आत्मसात कराव्यात, ही अपेक्षा तिच्यामागे होती. महाराष्ट्रातील जुन्या शिक्षकांना ‘क्षमताधिष्ठित’ हा शब्द ऐकताच नव्वदच्या दशकातील प्रशिक्षणवर्ग आठवतील.

त्या प्रयोगाचे पुढे काय झाले हे आजही उपयोगी पडण्यासारखे आहे. क्षमतांना क्रमांक देण्यात आले, क्रमांकांचे तक्ते झाले आणि तक्ते भरणे हे शिक्षकाचे काम झाले. कथा वाचून आनंद घेणे, प्रश्न विचारणे, अंदाज बांधणे या गोष्टी सुट्या तुकड्यांत मावेनात. ज्ञानाचे असे तुकडे पाडण्यावर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने टीका केली, आणि ती योग्यच होती. तथापि माझ्या मते यादीपेक्षा मोठी उणीव दुसरीकडे होती. ज्या मुलाच्या नावापुढे रिकामी चौकट राहिली, त्याला पुन्हा कोणी, कधी शिकवायचे याची तरतूद शाळेच्या दिवसात केलेली नव्हती.

दरम्यान अमेरिकेने हाच मार्ग अधिक कठोरपणे अनुसरला. २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने २०१४ पर्यंत सर्व मुले वाचन व गणितात निकषाला उतरली पाहिजेत असे बंधन घातले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. निकष ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे असल्यामुळे काही राज्यांनी उत्तीर्णतेची रेषाच खाली आणली. अटलांटा शहरात तर २००९ च्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनीच दुरुस्त केल्याचे चौकशीत उघड झाले. २०११ च्या अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा उल्लेख होता. अखेर २०१५ मध्ये तो कायदा बदलण्यात आला. मोजणीला शिक्षा जोडली की आकडे सुधारतात. मुलांचे वाचन सुधारतेच असे नाही.

भारतात दुसरी फेरी शिक्षण हक्क कायद्यापासून सुरू झाली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबविले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. वर्षअखेरीस एकदाच जोखण्याऐवजी वर्षभर पाहावे, चूक दिसताच सावरावे, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वर्णनात्मक नोंदींचे रकाने तेवढे राहिले. बाजारात तयार नोंदींची पुस्तकेही मिळू लागली. त्यांतील वाक्ये आलटून पालटून उतरवली की वर्गातील प्रत्येक मूल ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी’ होत असे.

२०१७ मध्ये कायद्याच्या नियमांतच दुरुस्ती झाली आणि इयत्तानिहाय, विषयनिहाय अध्ययन निष्पत्तींना कायदेशीर स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या प्रसिद्ध केल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण त्यांवर आधारले गेले. तिसरीच्या मुलाने ९९९ पर्यंतच्या संख्यांची बेरीज-वजाबाकी व्यवहारातील प्रश्नांत वापरावी, ही अशीच एक निष्पत्ती. २०२० च्या धोरणानंतर ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले, तर २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्याने उद्दिष्टे, क्षमता आणि निष्पत्ती अशी उतरंड रचली.

‘निपुण’च्या लक्ष्यांत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे अपेक्षित आहे. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ हे तीन शब्द होतात. मराठीत ‘झाडाखाली’ हा एकच. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, म्हणून आपले ६० शब्द अधिक लांबीचे असतात. शिवाय जोडाक्षरे असतात. याच कारणास्तव मार्च २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी वेगवेगळे मापदंड ठरविण्यात आले. गोव्यात आणखी एक पदर आहे. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते. असे मूल मिनिटाला ४० शब्द वाचत असेल, तर अडचण अक्षरओळखीची आहे की शब्द अपरिचित असण्याची, हे घड्याळ सांगू शकत नाही. ते शेजारी बसून ऐकणाऱ्या शिक्षकालाच कळते.

वेळ कमीअधिक करण्याचा प्रयोग आपल्या परिसरात झालेलाच नाही असे नाही. मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेचा ‘बालसखी’ उपक्रम चालला. वस्तीतीलच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत आणि इयत्तेचे पुस्तक बाजूला ठेवून, मूल जिथे अडले होते तिथून शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ आढळली आणि सर्वाधिक लाभ मागे राहिलेल्यांना झाला. पुढे हरियाणात शाळेच्या दिवसातील एक तास राखून, इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून, सरकारी शिक्षकांकडूनच हे साधले. स्वतंत्र तास राखला नाही तेथे तेच शिक्षक पाठ्यपुस्तकाकडे परतत, कारण त्यांना अभ्यासक्रम ‘संपवायचा’ असे.

गोव्यातील एकशिक्षकी सरकारी प्राथमिक शाळांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पटसंख्या घटल्यामुळे त्यांचा उल्लेख नेहमी सहानुभूतीने होतो. पण चार इयत्ता एकाच खोलीत असतील तेथे इयत्तेची भिंत आधीच पडलेली असते. चौथीतील मुलाला दुसरीच्या गटात बसून वजाबाकी पक्की करता येते आणि त्याची लाजही वाटत नाही. त्या शिक्षकावरील कागदी कामाचा भार हलका केला, तर निकषाधारित शिक्षणाला याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही.

कठीण वळण पाचवीचे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेले मूल पाचवीला बहुधा इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळेत जाते. नव्या शिक्षकाच्या हाती गुणपत्रिका येते. मुलाला भागाकार येतो पण इंग्रजीतील प्रश्न समजत नाही, हे तीत लिहिलेले नसते. नेमके याच वर्षी नापास होण्याची शक्यताही पुन्हा उद्भवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकारांना दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्याचे नियम अधिसूचित केले. अनुत्तीर्ण मुलाला अतिरिक्त अध्यापन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. हे अध्यापन कोणी, कोणत्या वेळी आणि कोणत्या भाषेत करायचे, हे पालकांनी शाळेला निकालाच्या दिवशी नव्हे, तर वर्षाच्या आरंभीच विचारून ठेवावे.