नाग, नागीण आणि पिल्लं

शिराळ्याची नागपंचमी म्हटली की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर फणा काढून उभा राहिलेला नाग येतो, नाहीतर ट्रॅक्टरवरची मिरवणूक आणि लांबलांबून लोटलेली गर्दी येते. आमच्या गावाचा हा सण आजवर नाग पकडणाऱ्यांच्या बाजूनं पुष्कळ सांगून झाला. मला तो आईबापांच्या बाजूनं सांगायचा आहे. नाग ओळखायचं, त्याच्यापाशी न घाबरता उभं राहायचं ज्ञान गावात पिढ्यान् पिढ्या टिकलं, ते बापानं पोराला आणि आईनं लेकीला दिलं म्हणून. आपल्याला मूल झालं की मग कळतं, मिळालेल्यातलं सगळंच जसंच्या तसं पुढं देता येत नाही.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मोरणा नदीच्या काठी आमचं गाव. जुनी माणसं अजून बत्तीस शिराळा म्हणतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे. भुईकोट किल्ल्याच्या खुणा आहेत. पाऊस भरपूर, भाताची आणि उसाची शेतं. भात आलं की उंदीर येतो आणि उंदरामागं नाग. म्हणजे नाग आमच्याकडं देव्हाऱ्यात येण्याआधी बांधावर होताच.

आख्यायिका अशी. गोरक्षनाथ भिक्षा मागत महाजनांच्या दारी आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, तिला भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं. तिनं सांगितल्यावर म्हणाले, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली आणि मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजायची चाल पडली. महाजनांच्या घराचा मान आजही आहे. ही गोष्ट ऐकताना सगळ्यांचं लक्ष नाथांच्या चमत्काराकडं जातं. माझं त्या बाईच्या होकाराकडं जातं. दारातली एक बाई हो म्हणाली आणि तिच्या शब्दावर अख्खं गाव शेकडो वर्षं चाललं.

माझ्या लहानपणी पंचमीच्या महिनाभर आधी गल्लीगल्लीतली पोरं काठ्या आणि मडकी घेऊन रानात जायची. जुना माणूस पुढं आणि पोरं मागं. ओल्या मातीतला माग, बिळाच्या तोंडाशी गुळगुळीत झालेली कड, कुंपणाला अडकलेली कात, हे सगळं तो बोटानं दाखवायचा. पाय आपटायचा नाही, एकदम हालचाल करायची नाही. पायाची थाप नागाला जमिनीतून कळते, हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी पोरांना माहीत असायचं. नाग धरला की नव्या मडक्यात सोडायचा, तोंडाला कापड बांधायचं आणि मडकं घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. आमच्या माजघरात असं मडकं असायचं. त्याच्या जवळून जाताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. कोणता नाग कुठल्या बांधावरून आणला हे घरातल्या मोठ्यांच्या पक्कं ध्यानात असायचं, कारण सण झाल्यावर तो तिथंच नेऊन सोडायचा असे. आणलेलं परत जागेवर नेऊन ठेवायचं, हा या प्रथेतला सगळ्यात मोठा संस्कार, असं मी आजही मानते.

पंचमीला नाग अंबामातेच्या देवळाकडं जायचे, मग मिरवणूक निघायची. दारोदारी बायका हळदकुंकू, लाह्या, दूध घेऊन उभ्या असायच्या. नाग हा बाईचा भाऊ, म्हणून आदल्या दिवशी भावासाठी उपास. पुढं पुढं सणाला स्पर्धेचं रूप आलं. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, यावर बक्षिसं लागली. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आले, कर्णे आले. ज्यानं शांतपणा शिकवला, त्याच्याच अंगावर आम्ही गोंगाट घातला.

पुरुषांची विद्या रानातली, तशी बायकांची घरातली. ती म्हणजे पाटावरचं चित्र आणि नागपंचमीची कहाणी. आई पाट धुऊन पुसून घ्यायची, सहाणेवर गंध उगाळायची आणि बोटानं चित्र काढायची. आधी नाग, मग नागीण आणि त्यांच्याभोवती वळवळणारी पिल्लं. पिल्लं काढायचं काम माझं. ती वाकडी झाली तरी आई पुसायची नाही. चुलीवर तवा चढायचा नाही, विळी खाली यायची नाही. पुरणाची दिंडं उकडायला ठेवली की आई कहाणीला बसायची.

कहाणी घरोघर थोडी वेगळी, गाभा एकच. शेतकरी नांगरत असतो, फाळ वारुळात घुसतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. नागीण परत येते, फाळाला रक्त बघते आणि शेतकऱ्याच्या घरादाराला डसते. मग निघते त्याच्या सासरी नांदणाऱ्या लेकीला डसायला. ती लेक पाटावर नाग, नागीण, पिल्लं काढून पूजा करत बसलेली असते. नागिणीचा राग शांत होतो, ती अमृत देते आणि लेकीच्या माहेरची माणसं उठून बसतात. म्हणून या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही.

ही कहाणी मी शेकडो वेळा ऐकली होती. मला मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन पहिल्यांदा सांगायला बसले आणि मध्येच अडखळले. माहेर उठलं, पण पिल्लांचं काय झालं? नागिणीनं अमृत दिलं ते माणसांना. तिची स्वतःची पिल्लं त्या नांगराखालीच राहिली. इतकी वर्षं मी ही गोष्ट लेकीच्या जागी बसून ऐकत होते, त्या दिवशी नागिणीच्या जागी बसून सांगत होते. पुढच्या वर्षी मी कहाणीत एक वाक्य वाढवलं. लेक अमृताचा शेवटचा थेंब घेऊन शेतात जाते आणि वारुळावर शिंपडते. आता माझी मुलगी शेजारच्या पोरांना कहाणी सांगते, तेव्हा ते वाक्य मूळचंच असल्यासारखं सांगते. आमच्या आज्यापणज्यांनीही आपापल्या मुलांकडं बघून अशीच वाक्यं घातली असणार. कहाण्या अशाच तयार झाल्या. त्यांच्यावर कुणाचं नाव नाही, कारण त्या रचणाऱ्या बाईच्या मांडीवर मूल होतं आणि हातात लेखणी नव्हती.

त्या वाक्यामुळं मी नागाबद्दल वाचू लागले. मादी उन्हाळ्यात बिळात किंवा वारुळात दहा-वीस, कधी त्याहून जास्त अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत बहुधा जवळच राहते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर किंवा ऐन पावसात, पिल्लं बाहेर येतात. जन्मापासून त्यांच्या दातात विष असतं, अगदी लहान असतानाही ती फणा काढतात. म्हणजे आम्ही मडकी घेऊन रानात जायचो, तेच दिवस पिल्लं निघण्याचे. नाग दूध पीत नाही, हेही प्राणिशास्त्र केव्हाच सांगून बसलं आहे. महिनाभर मडक्यात राहिलेल्या जिवाला काय सोसावं लागत असेल, हे बाळंतपण झालेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. नाग पकडणं, बाळगणं, त्याचा खेळ करणं त्यात बसत नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. गाव दुखावलं. आमचे बापजादे काय नाग मारत होते काय, हा प्रश्न मी घराघरात ऐकला आणि त्यातली वेदना खरी होती. ज्या गावात नाग दिसला तर काठी उगारायची नाही ही शिकवण, त्या गावावर क्रूरपणाचा ठपका बसला. त्यानंतर प्रतिमेची पूजा सुरू झाली. गोरक्षनाथ येण्याआधी ती बाई करत होती तीच ही पूजा. म्हणून मला त्यात कमीपणा वाटत नाही.

2025 मध्ये केंद्र सरकारनं 21 नाग पकडायला परवानगी दिली, ती पारंपरिक ज्ञान पोरांपर्यंत पोचावं म्हणून, शिक्षणापुरती. पूजा, मिरवणूक, स्पर्धा यांना त्यात जागा नव्हती. काहींना हे फार कमी वाटलं, काहींना फार जास्त. मला ही वाट योग्य वाटते. बापाला पोराच्या हाती खरं तर हेच द्यायचं होतं. नाग कसा ओळखायचा, त्याच्यापासून किती अंतर राखायचं, त्याला कसं जाऊ द्यायचं.

भात लावणारी, ऊस तोडणारी माणसं आजही सर्पदंशानं मरतात. म्हणून माझं मागणं साधं आहे. शिराळ्याच्या प्रत्येक पोराला आणि पोरीला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे. नागपंचमीच्या आठवड्यात प्रत्येक शाळेत हे शिकवायला पाहिजे, आणि शिकवायला गावातले जुने नाग धरणारे बोलवायला पाहिजेत, कारण त्यांच्याइतकी पारख दुसऱ्या कुणाकडं नाही. चावलं तर हातपाय हलू न देता, घट्ट न आवळता, मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखाना गाठायचा, हे पाढ्यासारखं पाठ व्हायला पाहिजे. यात मुली पुढं असाव्यात ही माझी खास इच्छा आहे. आमच्या पिढीत त्या दारात आरती घेऊन उभ्या राहिल्या, रानातली विद्या त्यांना कुणी दिली नाही. माझ्या लेकीला मी कहाणी दिली, पाटावर पिल्लं काढायला दिली. बांधावरचा माग वाचायला तिला गावानं शिकवावं.