पूर्वपक्षाचा मान

नागपूरच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरांवर रामटेक आहे. रामाच्या मंदिरामुळें आणि कालिदासाच्या स्मरणामुळें तें सर्वांस परिचित आहे. परंतु तेथील परिसरांतल्या एका टेकडीस नागार्जुनाचें नांव आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला हा बौद्ध आचार्य विदर्भांतला, असें तिबेटी परंपरा सांगते. तिला निर्णायक पुरावा नाहीं. पण नागार्जुनाचे ग्रंथ उपलब्ध आहेत, आणि तत्त्वचिंतकाच्या अंगीं कोणते गुण असावे लागतात, हें त्यांवरून उत्तम कळतें.

त्याचा सिद्धांत असा, कीं कोणतीहि वस्तु स्वयंसिद्ध नाहीं. ती इतर कारणांवर अवलंबून असते, म्हणून स्वभावशून्य होय. यावर प्रतिपक्षी विचारतो: सर्वच शून्य, तर हें तुझें वाक्यहि शून्य, मग तें कशाचा निषेध करणार? आणि तें शून्य नसेल, तर सिद्धांतच बुडाला. असा पेंच पडला असतां सामान्य वादी प्रश्नकर्त्याची टवाळी करतो. नागार्जुनानें या आक्षेपांसाठीं ‘विग्रहव्यावर्तनी’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या ७० कारिकांपैकीं पहिल्या २० प्रतिपक्षास दिल्या. त्या इतक्या सामर्थ्यानें मांडल्या आहेत, कीं वाचकास ग्रंथकाराचीच काळजी वाटावी.

उरलेल्या ५० कारिकांत उत्तर आहे. नागार्जुन स्वतःच्या वाक्यासाठीं सवलत मागत नाहीं. तें वाक्यहि शून्यच, हें तो मान्य करतो; परंतु गाडी किंवा घट स्वभावशून्य असूनहि ओझें वाहतो, पाणी धरतो, तसें तें वाक्यहि आपलें कार्य करतें, असें त्याचें म्हणणें. हें उत्तर पुरेसें आहे कीं नाहीं, यावर अभ्यासकांत आजहि मतभेद आहेत.

प्रतिपक्षाशीं न्यायानें वागणें हा पहिला गुण. दुसऱ्यास लावलेली कसोटी स्वतःस लावण्याचें धैर्य हा दुसरा. तिसरा याहून कठीण: स्वतःच्या सिद्धांताचाहि मोह न धरणें. शून्यतेलाच मत म्हणून कवटाळणाऱ्यांस नागार्जुनानें ‘मूलमध्यमककारिकें’त असाध्य ठरविलें आहे.

‘विग्रहव्यावर्तनी’ची मूळ संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांना १९३६ मध्यें तिबेटांत मिळाली. त्या अनामिक प्रतिपक्ष्याचे आक्षेप आज मूळ भाषेंत वाचावयास मिळतात, ते त्यांचें खंडन करणाऱ्यानेंच जपून ठेवले म्हणून.