आधी वीज तोडा

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. 2005 च्या महापुराने ती ओलांडली, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेले आणि जुलै 2021 मध्ये 56 फुटांवर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक पाण्यात गेले. पाणी चढू लागले की महावितरण आधी त्या भागाचा पुरवठा तोडते, आणि उपकरण धुऊन, पूर्ण वाळवून, तपासल्याशिवाय पुन्हा जोडायचे नसते. कोल्हापूरने पुरात गिरवलेला हा क्रम लॅपटॉपवर सांडलेल्या कपभर चहालाही जसाच्या तसा लागू आहे.

कारण यंत्राचा घात नुसत्या पाण्याने होत नाही. पाण्यातले क्षार आणि चालू वीज एकत्र आली की बोर्डावरचे तांबे झिजते. म्हणून पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, लॅपटॉप उघडा ठेवून पालथा घालावा आणि बॅटरी सुटी करून घ्यावी. कुणी म्हणेल, तांदळात ठेवून किंवा नुसता वाळवून लॅपटॉप सुरू झाल्याची उदाहरणे आहेतच. आहेत, पण तांदूळ आतला ओलावा फारसा ओढत नाही, आणि पाणी उडाले तरी साखर, दूध व क्षार मागे राहतात. पुढच्या दमट दिवसांत तिथेच गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करून घेणे हाच खरा उपाय. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा.