देशमुख, दिव्या

(९ डिसेंबर २००५ – ). भारताच्या ८८व्या ग्रँडमास्टर आणि महिला विश्वचषक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय बुद्धिबळपटू. हा विश्वचषक त्यांनी २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे जिंकला आणि त्याच दिवशी ग्रँडमास्टर किताबावरही नाव कोरले. कोनेरू हंपी (२००२), द्रोणवल्ली हरिका (२०११) आणि आर. वैशाली (२०२३) यांच्यानंतर हा किताब मिळवणाऱ्या त्या चौथ्या भारतीय महिला होत. त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षांचे होते.

दिव्या यांचा जन्म नागपूरचा. वडील जितेंद्र आणि आई नम्रता दोघेही डॉक्टर. दिव्या यांना सगळे नागपूरच्या म्हणून ओळखत असले तरी देशमुखांच्या घराचा वऱ्हाडाशी संबंध जुना आहे. आजोबा डॉ. के. जी. देशमुख हे अमरावती विद्यापीठाचे कुलगुरू होते. विश्वचषकानंतर तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई नागपुरात दिव्या यांच्या घरी गेले. आपले वडील रा. सू. गवई आणि के. जी. देशमुख यांच्या मैत्रीच्या आठवणी त्यांनी तिथे काढल्या.

मोठी बहीण बॅडमिंटनकडे गेली आणि दिव्या पाचव्या वर्षी पटावर बसल्या. शालेय शिक्षण भवन्स भगवानदास पुरोहित विद्यामंदिरात झाले. नागपूरचे राहुल जोशी हे त्यांचे पहिले प्रशिक्षक. ही मुलगी ग्रँडमास्टर होणार, असे जोशी ती लहान असल्यापासून म्हणत. २०२० मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. पाच वर्षांनी किताब मिळाला तेव्हा दिव्या यांनी तो जोशी यांना अर्पण केला. पुढच्या टप्प्यावर चेन्नईचे आर. बी. रमेश आणि श्रीनाथ नारायणन या ग्रँडमास्टरांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

वयोगटातील यश लवकर आले. २०१२ मध्ये सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद, २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे दहा वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद, तर २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपद. अशी यादी भारतात आता अनेकांकडे असते आणि त्यातले बरेच जण दहावी-बारावीच्या सुमारास पटावरून उठतात. दिव्या टिकल्या. २०२० मध्ये करोनाच्या काळात झालेल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. त्या भारतीय संघात त्या होत्या आणि संघाचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी होते. २०२१ मध्ये त्या महिला ग्रँडमास्टर झाल्या. २०२२ मध्ये भुवनेश्वरला राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवले आणि पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत, कोल्हापूरला, ते राखलेही.

२०२२ मध्येच चेन्नईजवळ मामल्लपुरम येथे झालेल्या ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी भारताच्या दुसऱ्या महिला संघातर्फे राखीव पटावर वैयक्तिक कांस्यपदक मिळवले. अमरावतीचे ग्रँडमास्टर स्वप्निल धोपाडे हे त्या संघाचे प्रशिक्षक, तर पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन सहकारी खेळाडू. २०२३ मध्ये आल्माटी येथे त्यांनी आशियाई महिला विजेतेपद पटकावले. १९८१ मध्ये हेच विजेतेपद मिळवणाऱ्या रोहिणी खाडिलकर पहिल्या भारतीय होत्या आणि १९९१ मध्ये ते भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्याकडे आले होते. मराठी मुलींच्या बुद्धिबळाची ही परंपरा खाडिलकर भगिनींपासून चालत आली आहे. बातुमीनंतरच्या कौतुकात मात्र तिचा उल्लेख फारसा कोणी केला नाही.

दिव्या यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली ती २०२३ मध्येच, कोलकात्यात. टाटा स्टील स्पर्धेच्या महिला रॅपिड विभागात त्या तळाच्या मानांकनाच्या खेळाडू होत्या, पण जगज्जेत्या जू वेन्जुन, हंपी आणि हरिका यांच्यासारख्या खेळाडूंना मागे टाकून त्यांनी स्पर्धा जिंकली. इंटरनॅशनल मास्टर हा किताबही २०२३ मधलाच. पुढच्याच जानेवारीत नेदरलँड्समधील वाइक आन झे येथे चॅलेंजर्स गटात त्यांना फारसे यश मिळाले नाही. त्या स्पर्धेनंतर मात्र त्यांनी समाजमाध्यमावर सविस्तर लिहिले : प्रेक्षक आपले डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात, पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. जगभरच्या खेळाडूंमध्ये त्या लेखनाची चर्चा झाली.

जून २०२४ मध्ये गांधीनगर येथे झालेल्या वीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ११ पैकी १० गुण मिळवले आणि एकही डाव न गमावता विजेतेपद पटकावले. हंपी, हरिका आणि सौम्या स्वामिनाथन यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या चौथ्या भारतीय.

सप्टेंबर २०२४ मधील बुडापेस्ट ऑलिम्पियाड हा त्यांच्या सांघिक कारकिर्दीचा कळस. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव असा संघ होता. पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे कर्णधार होते. तिसऱ्या पटावर दिव्या यांनी अकराही फेऱ्या खेळून ८ विजय आणि ३ बरोबरींसह साडेनऊ गुण मिळवले आणि त्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदक घेतले. आकड्यांपेक्षा हे गुण कुठे आले ते पाहावे. आठव्या फेरीत भारत पोलंडकडून हरला. त्या पराभवातही तिसऱ्या पटावरचा डाव भारताचा होता. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन पटांवर बरोबरी झाली आणि दिव्या यांनी नी शिछुनला हरवले म्हणून सामना अडीच विरुद्ध दीड असा भारताच्या बाजूने गेला. अखेरच्या फेरीत अझरबैजानविरुद्धही त्यांनी डाव जिंकला आणि भारतीय महिलांना ऑलिम्पियाडचे पहिले सुवर्ण मिळाले. पुरुषांनीही त्याच दिवशी सुवर्ण जिंकले. त्यानंतरच्या ऑक्टोबर महिन्याच्या यादीत दिव्या यांचे गुणांकन २५०१ झाले.

बातुमीच्या आधी दोन गोष्टी घडल्या. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या महिला ग्रां प्री स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या. पहिली हंपी, दुसरी चीनची झू जिनर. जूनमध्ये लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या होऊ यिफानला एका डावात हरवले.

महिला विश्वचषक ही बाद पद्धतीची स्पर्धा. दोन क्लासिकल डाव, बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी रॅपिडचे टायब्रेकर. हरला तो घरी. २०२५ ची स्पर्धा तिसरी होती. दिव्या यांना १५वे मानांकन असल्याने पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांनी जॉर्जिया आणि सर्बियाच्या खेळाडूंना हरवले. खरी लढत चौथ्या फेरीपासून सुरू झाली. तिथे झू जिनर समोर आली आणि सामना टायब्रेकरपर्यंत गेला. उपान्त्यपूर्व फेरीत हरिका, तीही टायब्रेकरमध्येच. उपान्त्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयी यांच्याशी पहिला डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा १०१ खेळींपर्यंत चालला. त्या डावात पारडे कितीदा तरी इकडून तिकडे झुकले. शेवटी जिंकल्या दिव्या.

अंतिम सामना दोन भारतीयांत. हंपी ३८ वर्षांच्या. त्या ग्रँडमास्टर झाल्या तेव्हा दिव्या यांचा जन्मही झालेला नव्हता. पहिल्या क्लासिकल डावात दिव्या यांच्याकडे चांगली संधी होती, ती त्यांनी घालवली. दुसरा डावही बरोबरीत गेला. सोमवारी, २८ जुलैला, प्रत्येकी १५ मिनिटे आणि दर खेळीला १० सेकंदांची भर, या हिशोबाने रॅपिड सुरू झाले. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होत्या. डाव लांबला आणि दोघींच्याही घड्याळात सेकंद तेवढे उरले. त्या घाईत दोघींकडूनही संधी निसटल्या; शेवटची चूक हंपींची ठरली आणि त्यांनी डाव सोडला. निकाल अडीच विरुद्ध दीड. दिव्या यांना अश्रू आवरले नाहीत. उठून त्यांनी आईला मिठी मारली. बक्षीस ५० हजार डॉलरचे होते, त्याहून मोठी प्राप्ती किताबाची आणि २०२६ च्या आव्हानवीर स्पर्धेतील जागेची.

या किताबाविषयी थोडे खुलाशाने सांगायला हवे, कारण त्यावर कुजबुज बरीच झाली. नेहमीच्या मार्गाने ग्रँडमास्टर व्हायचे तर गुणांकन एकदा तरी २५०० ला पोहोचावे लागते आणि तीन ‘नॉर्म’ मिळवावे लागतात. एक नॉर्म म्हणजे साधारण नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीचा खेळ, तोही ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडूंच्या ठरावीक संख्येसमोर. त्यासाठी भारतीय मुले वर्षानुवर्षे युरोपात स्पर्धांमागून स्पर्धा खेळत राहतात, खर्च आईवडिलांचा. दिव्या बातुमीला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे एकही नॉर्म नव्हता, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितले. महिला विश्वचषकाच्या विजेतीला थेट किताब देण्याची तरतूद जागतिक संघटनेच्या नियमांत आहे, तिचा लाभ त्यांना मिळाला. म्हणून हा ‘आडवाटेचा’ ग्रँडमास्टर, असे म्हणणारे निघाले. पण २५०० ची पायरी त्यांनी आधीच ओलांडली होती आणि बातुमीत झू, हरिका, तान आणि हंपी अशा चौघींना सलग बाद केले होते. नॉर्मच्या स्पर्धेत एखादा डाव गेला तरी दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. बाद पद्धतीत ती सोय फारच थोडी. आडवाट म्हणायची तर म्हणावी, ती सोपी होती असे मात्र म्हणता येणार नाही.

खेळाडू म्हणून दिव्या मूळच्या चढाईच्या. लहानपणी त्यांचे बहुतेक डाव हल्ला आणि मोहऱ्यांच्या बलिदानावर उभे असत. अलीकडे लांब अंतावस्था चिकाटीने ओढून नेण्याची सवय त्यांनी लावून घेतली आहे. उपान्त्य फेरीतला तो डाव तिचाच नमुना. जिंकलेली स्थिती घाईने हातची घालवणे हा दोष अजून गेलेला नाही. तो बातुमीतही दिसला, आणि त्याच्यामुळेच सामने टायब्रेकरपर्यंत लांबले. घड्याळ संपत आल्यावर मात्र त्यांचा हात सहसा कापत नाही, आणि बाद फेरीत हा गुण फार मोलाचा.

नागपूरला परतल्यावर विमानतळावर मोठी गर्दी झाली. राज्य सरकारने ३ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. शहरातील ग्रँडमास्टरांमध्ये रौनक साधवानी (२०१९) आणि संकल्प गुप्ता (२०२१) त्यांच्या आधीचे. त्याही आधी इंटरनॅशनल मास्टर अनुप देशमुख यांनी विदर्भाचे नाव राष्ट्रीय बुद्धिबळात आणले होते. अमरावतीकडून धोपाडे यांचे नाव वर आलेच आहे. म्हणजे विदर्भात नागपूर आणि अमरावती या दोन्ही शहरांत आज ग्रँडमास्टर आहेत.

किताबानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंद येथील ग्रँड स्विस स्पर्धेत दिव्या महिला विभागाऐवजी खुल्या विभागात खेळल्या. आव्हानवीर स्पर्धेची जागा पक्की असल्याने त्यांना ही मोकळीक होती. तिथे त्यांनी इजिप्तचा बलाढ्य ग्रँडमास्टर बासेम अमीन याला हरवले आणि जगज्जेता डी. गुकेश याच्याशी बरोबरी साधली. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना अडवता येणार नाही असे सांगावे लागले होते. समरकंदला असला प्रश्न कोणी विचारला नाही. ऑक्टोबरअखेर गोव्यात सुरू झालेल्या खुल्या विश्वचषकातही त्यांना खास प्रवेश मिळाला. त्या स्पर्धेत त्या एकट्याच महिला होत्या. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्तामातिस कुर्कुलोस-आर्दितिस याने त्यांना २–० असे हरवले.