एक पौंडाचा हिशेब

नरसंहार म्हटलं की आपल्याला बंदुका आठवतात. पण लाखो माणसं टेबलावरच्या कागदानेही मरतात. मग त्या कागदावर सही करणाऱ्याचं काय करायचं? १९६१ साली जेरुसलेमच्या कोर्टात काचेच्या केबिनमधून आइशमन हेच सांगत होता, की मी फक्त वरून आलेले आदेश पाळले. कोर्टाने ते मानलं नाही, १९६२ मध्ये त्याला फाशी झाली.

आता जरा आपल्याकडे या. १८७६-७८ चा दख्खन-मद्रासचा दुष्काळ. त्याआधी, १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती. बळी फारच थोडे गेले. शाबासकी? छे! 'उधळपट्टी केली' म्हणून टीका झाली. साहेब धडा शिकले. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने त्यांना काटकसर करायला पाठवलं, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी ठरली एक पौंड धान्य (म्हणजे साधारण ४५० ग्रॅम) आणि वर किरकोळ पैसे. बायका-मुलांना त्याहून कमी.

मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी लेखी सांगितलं की एवढ्यावर कष्टकरी माणूस जगत नाही. तिथे पुढे मजुरी वाढवावी लागली. मुंबई इलाख्यात मजुरांनी चक्क कामं सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा अर्ज-अहवाल घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली. एकूण बळींचा नेहमी दिला जाणारा अंदाज ५५ लाखांचा, तोही फक्त ब्रिटिश मुलखातला.

आणि टेंपल? त्याच १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले!

खटला झाला तो दुसऱ्याच सरकारी नोकरावर. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके हा दुष्काळ बघून बंडाला उभे राहिले. १८७९ मध्ये पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. वकीलपत्र घेतलं ते सार्वजनिक सभेच्याच गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजे आपल्या सार्वजनिक काकांनी. शिक्षा जन्मठेप. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात फडके गेले.

मग टेंपल म्हणजे आइशमन का? माझ्या मते नाही. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नरसंहाराला एखादा समूह नष्ट करण्याचा हेतू लागतो. टेंपलना माणसं मारायची नव्हती, पैसे वाचवायचे होते. पण मला खटकतं ते वेगळंच. माणसं कशी वाचवायची हे त्यांना बिहारपासून माहीत होतं, आणि धोक्याचा इशारा त्यांच्यापर्यंत लेखी पोचला होता. 'माहीत होतं, तरी केलं' यासाठी तेव्हा कुठलंच कलम नव्हतं. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, पुढे नियमही बनले. बनवणारं सरकार तेच होतं, आरोपीच्या पिंजऱ्यात कोणीच नव्हतं.

असो. न्याय झाला नाही, पण नोंद राहिली. कोणी, कधी, काय सांगितलं होतं हे आज आपल्याला कळतं, कारण कॉर्निश आणि सार्वजनिक सभेने ते वेळेवर कागदावर आणलं. 'आम्हाला कल्पनाच नव्हती' असं म्हणायची सोय त्यांनी कायमची बंद करून ठेवली.