राघोजी भांगऱ्याचा पाठलाग

अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगास, सह्याद्रीच्या डोंगरांत, देवगांव नांवाचें एक लहानसें खेडें आहे. इंग्रज सरकारनें ज्याच्या शिरावर ५,००० रुपयांचें इनाम लावलें, तो राघोजी भांगरे याच गांवचा. त्याला वीर म्हणावें कीं दरोडेखोर, हा वाद जुना आहे. परंतु त्याला धरण्यासाठीं सरकारनें काय केलें व त्यांतून काय साधलें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

फरारी नायकाला वश करण्याची एक रीति या मुलखास पूर्वींपासून परिचित होती. पेशवाईंत जावजी बांबळे या महादेव कोळी नायकानें धुमाकूळ घातला, तेव्हां तो फौजेस सांपडेना. अखेर तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीनें त्याला माफी मिळाली, आणि राजूरकडील ६० गांवांचा बंदोबस्त त्याच्याच हातीं देण्यांत आला. ज्याच्यापासून भय, त्याच्यावरच रक्षणाचा भार टाकण्याची ही युक्ति होती.

इंग्रजी अमलांत मार्ग पालटला. राघोजीचा बाप रामजी सरकारी पोलिसांत चाकरीस होता. पुढें तोच बंडांत शिरला. १८२९-३० च्या त्या उठावांत कॅप्टन मॅकिंटॉश यानें घाटाच्या वर व खालीं तुकड्या पसरून बंडवाल्यांची कोंडी केली. रामजीचा साथीदार रामा किरवा यास अहमदनगरास फांशीं देण्यांत आलें. बंड मोडलें, कुळांच्या गळ्याभोंवतींचा कर्जाचा फांस मात्र सैल झाला नाहीं.

१८४४ च्या सुमारास राघोजी व त्याचा भाऊ बापू उठले, तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकारांवर होता. हातीं लागलेल्या सावकारांचीं नाकें कापलीं गेलीं. हें क्रौर्य झांकण्यांत अर्थ नाहीं. पण तें कोठून उपजलें याकडे डोळेझांक करणें हेंहि इतिहासकारास शोभणार नाहीं. १८४५ सालीं बापू पकडला गेला. राघोजी त्यानंतरहि दोन वर्षांवर निसटत राहिला. शेवटीं तो यात्रेकरूच्या वेषांत पंढरपुरास आला असतां, २ जानेवारी १८४८ रोजीं लेफ्टनंट गेल यानें त्याला धरलें. २ मे रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याला फांशीं देण्यांत आलें.

सरकारदप्तरीं प्रकरण मिटलें. तथापि २७ वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें ओढून काढून जाळलीं, आणि तें लोण नगर जिल्ह्यांतहि पसरलें. या वेळीं इनाम लावून धरावा असा कोणी एक नायक सरकारपुढें नव्हता. तेव्हां कोठें चौकशीमंडळ नेमलें गेलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

तो कायदा आधीं झाला असता तर राघोजी डोंगरांत गेलाच नसता, असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. परंतु माणूस धरावयास सरकारला चार वर्षें लागलीं, आणि त्याच्या बंडाचें कारण कायद्यानें मान्य करावयास पस्तीस, एवढी नोंद इतिहासांत राहिली आहे.