थांबण्याचा हिशेब

ठाण्याहून कशेळीमार्गे किंवा कल्याणहून कोनमार्गे भिवंडीकडे निघालात, की किराणा मालाच्या गोदामांबाहेर ट्रक ताटकळलेले दिसतात. नंबर लावलेला असतो. गाडी कधी खाली होईल, ते मात्र कुणी सांगत नाही.

ही गोदामं इथे वाढली त्यात जकातीचा मोठा हात. माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि खपेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, नाक्यावरच्या रांगाही गेल्या. गोदामाच्या दारातली रांग राहिली.

रेल्वेची वॅगन ठरल्या वेळेत रिकामी झाली नाही, तर विलंब शुल्क पडतं. ट्रक चालकाचं काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे दिवसाला ८ तास ठरवले. पण टर्मिनलवर नुसतं हजर राहणं १५ मिनिटांपेक्षा कमी असेल, तरच ते कामाच्या तासांत धरलं! म्हणजे दहा मिनिटं थांबलात तर ते काम, आणि दहा तास थांबलात तर? तत्त्वज्ञानात आयुष्य घालवलेला मीसुद्धा इथे चक्रावतो.

त्याच दारातल्या हमालांनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. ते रोज एकत्र भेटत होते. चालक आज भिवंडीत, परवा इंदूरला. तो संघटना कुणाबरोबर बांधणार?

फाटकावरच्या वहीत गाडी आल्याची वेळ लिहितातच ना? मग त्याच्या मजुरीचा हिशेब तिथूनच सुरू करा, एवढंच माझं म्हणणं.